नाटककार व्हायला पॅरिसला गेलेल्या पोराने शोधून काढलं, उपाशी माणसाच्या रक्तात साखर येते कुठून

उपाशीपोटी रक्त देऊन आलेला माणूस संध्याकाळी रिपोर्ट हातात घेतो आणि हमखास एक प्रश्न विचारतो. काल रात्री आठला जेवलो, त्यानंतर पाण्याशिवाय काही पोटात नाही, सकाळचा चहासुद्धा घेतला नाही, मग रक्तात ही साखर आली कुठून?

प्रश्न भाबडा वाटतो. पण १८४८ सालापर्यंत जगातल्या एकाही शास्त्रज्ञाकडे त्याचं धड उत्तर नव्हतं. उलट मोठमोठ्या लोकांचं ठाम मत होतं की प्राण्याच्या अंगात साखर तयार होऊच शकत नाही. साखर बनवणं हे झाडांचं काम, ती खाऊन जाळून टाकणं हे जनावरांचं आणि माणसांचं काम, अशी सरळ वाटणी त्यांनी करून टाकली होती.

ही वाटणी ज्याने मोडीत काढली त्याचं नाव क्लॉद बर्नार. शरीरविज्ञानाचं कुठलंही पुस्तक उघडलं की हे नाव सापडतं. पण गडी मुळात या क्षेत्रात यायला निघालाच नव्हता. त्याला नाटकं लिहायची होती.

१२ जुलै १८१३ रोजी फ्रान्समधल्या बोजोले भागात, सां-झ्युलियाँ नावाच्या खेड्यात त्याचा जन्म झाला. हा सगळा द्राक्षांचा आणि वाइनचा मुलूख. वडील द्राक्षमळ्यात राबणारे. त्यांनी वाइनचा धंदा करून पाहिला, पण तो बुडाला आणि घरावर कर्ज झालं. गावच्या धर्मगुरूने पोराला लॅटिन शिकवलं, पुढे मिशनऱ्यांच्या शाळेत थोडंफार शिक्षण झालं. तिथे विज्ञान जवळपास नव्हतंच. हुशार म्हणून कुणी त्याचं नाव घेत नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी घरच्यांनी त्याला लिऑन शहराजवळ एका औषधाच्या दुकानात उमेदवारीला चिकटवून दिलं.

या दुकानात थेरियाक नावाचं एक औषध फार खपायचं. शेकडो वर्षांपासून चालत आलेलं, डझनांनी घटक असलेलं आणि कुठल्याही दुखण्यावर चालणारं. क्लॉदच्या लक्षात आलं की दुकानात जे काही नासतं, उरतं, बिघडतं ते फेकून न देता मालक थेरियाकच्या बरणीत टाकायला लावतो. म्हणजे दर वेळचं औषध वेगळं, पण गिऱ्हाईक तितकंच खूश. औषधं खरंच काम करतात की नाही हे कुणी तपासून पाहतं का, ही शंका त्याच्या डोक्यात तिथेच शिरली.

संध्याकाळी सुट्टी मिळाली की स्वारी थेटरात. बघून बघून त्याने स्वतः एक हलकीफुलकी नाटिका लिहिली. ती लिऑनमध्ये रंगमंचावर आली आणि थोडी चाललीसुद्धा. मग काय, आत्मविश्वास वाढला. त्याने पाच अंकी ऐतिहासिक नाटक लिहायला घेतलं, आर्तूर द ब्रतान्य. दुकानातलं लक्ष उडालं, नोकरी गेली. १८३४ मध्ये नाटकाचं बाड घेऊन एकवीस वर्षांचा क्लॉद पॅरिसला पोचला आणि त्या काळातले नावाजलेले समीक्षक सां-मार्क जिरार्दँ यांच्यापुढे उभा राहिला.

जिरार्दँ यांनी नाटक वाचलं. पोराचं मन न दुखावता त्यांनी त्याला सल्ला दिला की औषधाच्या दुकानात काम केलं आहेस तर डॉक्टरकी शिक, पोटापाण्याची सोय होईल, लिहायचं ते फावल्या वेळात लिही. हे नाटक छापून आलं ते १८८७ साली, तेव्हा त्याचा लेखक मरून नऊ वर्षं झाली होती. समीक्षकाचा अंदाज अगदीच चुकला नव्हता, असं म्हणायला हरकत नाही.

वैद्यकीय कॉलेजात क्लॉद कुठेच चमकला नाही. शिकवण्या घेऊन कसंबसं भागवायचा, वर्गात मागे गप्प बसायचा. रुग्णालयात इंटर्न म्हणून निवड होण्यासाठी परीक्षा असायची. तिथे एकोणतीस जणांत त्याचा नंबर सव्विसावा.

पण इंटर्न म्हणून तो ओतेल-द्यू रुग्णालयात फ्रान्स्वा माजंदी यांच्या हाताखाली गेला आणि सगळं बदललं. माजंदी म्हणजे भयंकर तिरसट माणूस. पुस्तकी सिद्धांत ऐकले की त्यांचं डोकं फिरायचं. शरीर कसं चालतं हे जिवंत शरीरात बघायचं, बाकी सगळ्या गप्पा, असं त्यांचं म्हणणं. या माणसाने बर्नारचे हात पाहिले. चिरफाड करताना इतकी सफाई त्यांनी आजवर कुणाकडे पाहिली नव्हती. १८४१ मध्ये त्यांनी त्याला कोलेज द फ्रान्समधल्या आपल्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून घेतलं.

प्रयोगशाळा म्हणजे काय, तर एक ओलसर, कोंदट, अंधारी खोली. पुढची बरीच वर्षं त्याने अशाच जागांत काढली. त्यात कुत्री, ससे, मांजरं आणि बेडूक.

इथे एक गोष्ट आत्ताच सांगून टाकलेली बरी. बर्नारचं सगळं काम जिवंत जनावरांवर चिरफाड करून झालेलं आहे. पॅरिसच्या रस्त्यावरची कुत्री पकडून आणली जायची. एकदा पोटात चांदीची नळी बसवलेलं एक कुत्रं रात्रीतून पळून गेलं. ते निघालं नेमकं त्या भागातल्या पोलीस अधिकाऱ्याचं. बर्नारला बोलावणं आलं. त्याने काही लपवाछपवी न करता सगळं सांगितलं, माफी मागितली, कुत्र्याच्या पोटातली नळी काढून दिली. कुत्रं बरं झालं आणि अधिकारी चक्क त्याचा दोस्त झाला. पुढे बर्नारने त्याच अधिकाऱ्याच्या हद्दीत प्रयोगशाळा थाटली, म्हणजे शेजाऱ्यांच्या तक्रारी आल्या तरी धास्ती नको. ही गोष्ट तो स्वतः विद्यार्थ्यांना रंगवून सांगायचा. नाटककार कुठेतरी शिल्लक होताच.

१८४३ मध्ये त्याने डॉक्टरकीचा प्रबंध सादर केला तो जठररसावर. त्यातला एक प्रयोग साधा आहे, पण पुढच्या सगळ्या कामाचं मूळ त्यात आहे. त्याने उसाची साखर पाण्यात विरघळवून थेट कुत्र्याच्या शिरेत सोडली. ती जशीच्या तशी लघवीतून बाहेर पडली. शरीराने तिला हातच लावला नाही. मग तीच साखर आधी जठररसात मुरवून शिरेत सोडली. आता लघवीत काही आलं नाही, शरीराने ती वापरून टाकली होती.

याचा अर्थ असा की आपण जी साखर चहात घालतो ती शरीराला तशीच चालत नाही. आधी ती फुटावी लागते आणि त्यातून ग्लुकोज निघावं लागतं. द्राक्षात ही साखर मुबलक असते म्हणून तेव्हा तिला द्राक्षशर्करा म्हणायचे. भात, भाकरी, बटाटा, साबुदाणा, काहीही खा, त्यातल्या पिठाचं शेवटी ग्लुकोज होतं आणि तेच रक्तातून पेशी-पेशीपर्यंत पोचतं. जिवाणूपासून हत्तीपर्यंत बहुतेक सगळ्या सजीवांना हे इंधन चालतं.

एवढं काम करूनही पठ्ठ्या पुढच्याच वर्षी प्राध्यापकीची परीक्षा नापास झाला. भाषण द्यायला उभा राहिला की तो गडबडायचा. गावाकडे जाऊन दवाखाना टाकावा असं त्याच्या मनात येऊ लागलं. तेव्हा मित्रांनी तोडगा काढला, लग्न. १८४५ मध्ये पॅरिसमधल्या एका डॉक्टरच्या मुलीशी, फॅनी मार्तँ हिच्याशी त्याचं लग्न झालं. हुंडा बऱ्यापैकी मिळाला आणि त्या पैशावर संशोधन चालू राहिलं. ज्या बायकोच्या पैशावर प्रयोगशाळा चालली तिलाच पुढे त्या प्रयोगशाळेचा मनापासून तिटकारा आला. पण त्याकडे नंतर येऊ.

१८४६ च्या सुमाराची एक घटना. बाजारातून आणलेले काही ससे टेबलावर ठेवले होते आणि त्यांनी तिथेच लघवी केली. बर्नारच्या लक्षात आलं की लघवी स्वच्छ आणि आम्लधर्मी आहे. गवत खाणाऱ्या प्राण्याची लघवी गढूळ असते, स्वच्छ लघवी मांसाहारी प्राण्याची. मग हे ससे मांसाहारी कधी झाले? त्याने अंदाज बांधला की त्यांना बराच वेळ खायला मिळालेलं नाही, त्यामुळे ते स्वतःचंच मांस जाळून जगत आहेत. गवत दिल्यावर लघवी परत गढूळ झाली. पुन्हा उपाशी ठेवलं, पुन्हा स्वच्छ. उपाशी प्राणी मग तो कुठलाही असो, आतून स्वतःलाच खात असतो. एकादशीला निर्जळी धरणाऱ्या माणसाच्या शरीरातही थोड्याफार फरकाने हेच चालतं.

आता १८४८. पॅरिसमध्ये त्या वर्षी फेब्रुवारीत राजा पळून गेला, जूनमध्ये रस्त्यारस्त्यांवर अडथळे उभारून लढाई झाली, हजारो माणसं मेली. हे सगळं होऊन दोन महिने झाले नाहीत तोवर, ऑगस्टमध्ये बर्नार आपल्या तळघरात साखरेच्या मागे लागला होता.

तेव्हाच्या शास्त्रात झां-बाप्तिस्त ड्यूमा आणि बुसँगो या दोन रसायनशास्त्रज्ञांचा दबदबा होता. झाडं साखर बनवतात, प्राणी जाळतात, हे त्यांचंच मत. बर्नारला ते मत खोडायचं नव्हतं. त्याला फक्त एवढंच शोधायचं होतं की खाल्लेली साखर शरीरात नेमकी कुठे जळते. ती जागा सापडली तर मधुमेह का होतो तेही कळेल असा त्याचा हिशेब होता.

त्याने कुत्र्याला साखरयुक्त अन्न दिलं आणि साखरेची वाट धरून निघाला. आतड्यातून रक्त यकृताकडे म्हणजे लिव्हरकडे जातं, तिथून हृदयाकडे, मग फुप्फुसांकडे. प्रत्येक टप्प्यावर रक्त काढून तपासायचं. रसायनशास्त्रज्ञ मित्र बारेस्विल याच्याकडची एक युक्ती हाताशी होती. तांब्याचं एक निळं द्रावण, त्यात साखर असलेला द्रव टाकून उकळला की लालसर साका बसतो. यकृतातून बाहेर येणाऱ्या रक्तात भरपूर साखर सापडली. म्हणजे यकृतापर्यंत तरी साखर जळत नाही.

दुसरा कुणी असता तर पुढच्या टप्प्याकडे गेला असता. बर्नार थांबला. सापडलेली साखर खाण्यातलीच आहे कशावरून, असा प्रश्न त्याने स्वतःला विचारला. मग दुसरं कुत्रं घेतलं आणि त्याला फक्त मांस खायला घातलं. साखरेचा कण नाही, पिठाचा कण नाही. त्याच जागचं रक्त काढलं, निळ्या द्रावणात टाकलं, उकळलं.

द्रावण लाल झालं.

आपलंच काहीतरी चुकलं असणार असं त्याला वाटलं आणि त्याने पुन्हा पुन्हा करून पाहिलं. एक घोळ खरंच होता. मांस खाल्लेल्या कुत्र्याच्या आतड्याकडून यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेतही साखर सापडत होती. मग त्याला कळलं की पोट उघडलं की दाब कमी होतो आणि यकृतातलं रक्त उलटं त्या शिरेत येतं. पुढच्या वेळी त्याने पोटाला बारीक छेद देऊन आधी ती शीर दोऱ्याने बांधली आणि मगच रक्त काढलं. आता चित्र स्पष्ट झालं. यकृतात जाणाऱ्या रक्तात साखर नाही, बाहेर येणाऱ्या रक्तात आहे. साखर यकृतातच तयार होत होती.

मग त्याने पक्षी, मासे, सरपटणारे प्राणी, जे मिळेल त्याचं यकृत तपासलं. सगळीकडे साखर. यीस्ट घालून पाहिलं, आंबून त्याचं अल्कोहोल झालं, म्हणजे खरोखरच साखर. ड्यूमांची वाटणी संपली. प्राणीही साखर बनवतात.

आता शरीर हा उद्योग का करतं? मोठ्या माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज असतं जेमतेम पाच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चहाचा एक चमचा. आणि एकटा मेंदू दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज खातो, झोपेतसुद्धा. तांबड्या रक्तपेशींना तर ग्लुकोजशिवाय दुसरं इंधनच चालत नाही. हा चमचा संपला तर माणूस आधी घामाघूम होतो, मग बरळतो, मग बेशुद्ध पडतो. म्हणून चमचा सतत भरत राहावा लागतो, जेवलं असो वा नसो. ते काम यकृत करतं.

पुढच्या वर्षी बर्नारने आणखी एक धक्का दिला. सशाच्या मेंदूच्या तळाशी एका ठरावीक जागी सुई टोचली की थोड्याच वेळात त्याच्या लघवीत साखर येते. निरोगी सशाला सुईच्या टोकाने तात्पुरता मधुमेह! पॅरिसभर चर्चा झाली. या प्रयोगामुळे मधुमेहाचं मूळ मज्जातंतूंत आहे हे त्याच्या मनाने घेतलं आणि तिथे मात्र तो फसला.

मानसन्मान आता पाठोपाठ आले. १८५३ मध्ये यकृताच्या या कामावर विज्ञानाची डॉक्टरेट, १८५४ मध्ये विज्ञान अकादमीचं सदस्यत्व आणि सॉरबॉनमध्ये खास त्याच्यासाठी निर्माण केलेलं प्राध्यापकपद. १८५५ मध्ये माजंदी वारले आणि त्यांच्या जागी तो बसला. परीक्षेत सव्विसावा आलेला हाच तो पोरगा.

पण विरोधकही तयारच होते. १८५५ मध्ये लुई फिगिये याने जाहीर केलं की यकृत साखर बनवत नाही, खाल्लेल्या अन्नातली साखर फक्त गोळा करून ठेवतं. अकादमीने चौकशी समिती नेमली. समितीचा कौल बर्नारच्या बाजूने लागला, आणि त्या समितीत खुद्द ड्यूमा होते. आपलंच मत मोडीत काढणाऱ्याच्या बाजूने ते उभे राहिले, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

याच काळात एका आळसाने कमाल केली. आळस म्हणण्यापेक्षा घाई. बर्नार एका यकृतातली साखर दोनदा मोजायचा, म्हणजे चूक होऊ नये. एकदा वेळ नव्हता म्हणून पहिली मोजणी लगेच केली आणि दुसरी दुसऱ्या दिवसावर ढकलली. दुसऱ्या दिवशी त्याच यकृतात साखर जास्त भरली. मेलेल्या कुत्र्याच्या, कापून ठेवलेल्या यकृतात साखर वाढली!

मग त्याने एक ताजं यकृत घेतलं आणि त्याच्या शिरेतून थंड पाण्याची धार सोडली. चाळीस मिनिटं धुतलं. बाहेर पडणाऱ्या पाण्यात साखरेचा मागमूस राहिला नाही, यकृतातही राहिला नाही. ते तसंच उबेला ठेवून दिलं. चोवीस तासांत ते पुन्हा साखरेने भरलं. म्हणजे यकृतात दुसरं काहीतरी साठवलेलं होतं, पाण्याने धुऊन न जाणारं, आणि त्याचीच हळूहळू साखर होत होती.

१८५७ मध्ये त्याने तो पदार्थ वेगळा काढला. पांढरी पूड, पिठासारखी. त्याला नाव दिलं ग्लायकोजेन, म्हणजे साखर जन्माला घालणारं. जर्मनीत व्हिक्टर हेन्सेन यानेही त्याच वर्षी स्वतंत्रपणे तेच वेगळं काढलं होतं.

ग्लायकोजेन म्हणजे शरीराची कणगी. सुगीत धान्य भरून ठेवायचं आणि टंचाईत काढायचं. जेवण झालं की रक्तात आलेलं जास्तीचं ग्लुकोज यकृत एकमेकांना जोडून ग्लायकोजेन बनवतं आणि ठेवून देतं. रात्री, दोन जेवणांच्या मध्ये, उपवासात तेच सोडवून रक्तात सोडतं. मोठ्या माणसाच्या यकृतात साधारण शंभर ग्रॅम साठा असतो, जवळपास एका दिवसाची बेगमी. कणगी रिकामी होऊ लागली की यकृत प्रथिनांपासून आणि इतर पदार्थांपासून नवं ग्लुकोज घडवतं. ते भुकेले ससे आठवा.

इकडे घर मात्र मोडत चाललं होतं. दोन मुलगे तान्हेपणीच गेले. दोन मुली होत्या. नवरा दिवसभर तळघरात कुत्र्यांची पोटं उघडतो हे फॅनीला सहन होत नव्हतं. मुली मोठ्या झाल्या तशा आईच्या बाजूने गेल्या. बापाच्या प्रयोगशाळेत कुत्री मरत होती आणि घरातल्या बायका रस्त्यावरच्या कुत्र्यांना वाचवायच्या खटपटीत होत्या. १८६९ च्या सुमाराला नवराबायको कायमचे वेगळे झाले. मुलींशीही त्याचा संबंध जवळपास तुटला.

फॅनीला कजाग बायको ठरवून मोकळं होणारी चरित्रं भरपूर आहेत. ते काही पटत नाही. ईथर आणि क्लोरोफॉर्म १८४७ पर्यंत हाताशी आले होते, तरी त्या काळातले कितीतरी प्रयोग भूल न देताच होत राहिले. काही प्रयोगांत बर्नार क्युरारे नावाचं विष वापरायचा. त्याने जनावर हलत नाही, ओरडत नाही. पण ते आतून सगळं जाणत असतं. हे कुणी सांगितलं? स्वतः बर्नारने. क्युरारे स्नायूंना मिळणारा हुकूम तोडतं, जाणीव शाबूत राहते, हा त्याचाच शोध. त्याला सगळं माहीत होतं आणि तरी त्याने ते केलं, कारण त्यातून माणसांचे प्राण वाचतील याची त्याला खात्री होती. त्याच्या प्रयोगशाळेत काही महिने काम केलेल्या जॉर्ज हॉगन या डॉक्टरने १८७५ मध्ये लंडनच्या वर्तमानपत्रात आपण पाहिलेलं लिहून काढलं. त्याने मोठी खळबळ उडाली आणि १८७६ मध्ये ब्रिटनमध्ये जनावरांवरच्या प्रयोगांना बंधन घालणारा कायदा आला. फॅनी घरात जे म्हणत होती तेच ब्रिटनच्या संसदेने थोड्या मवाळ शब्दांत म्हटलं.

१८६० पासून बर्नारची तब्येत ढासळली. पोटाचं दुखणं वारंवार उसळायचं. तो सां-झ्युलियाँला जाऊन राहायचा. जन्मघराजवळचं मोठं घर त्याने विकत घेतलं होतं, भोवती द्राक्षमळा. चिरफाड बंद, म्हणून लिहायला बसला. १८६५ मध्ये त्यातून प्रायोगिक वैद्यकाची ओळख करून देणारं पुस्तक निघालं. प्रयोग कसा करावा, स्वतःच्या आवडत्या कल्पनेवरही भरवसा का ठेवू नये, हे त्यात इतकं स्वच्छ सांगितलं आहे की ते आजही वाचलं जातं. तो आजारी असताना लुई पाश्चर यांनी त्याला उभारी यावी म्हणून त्याच्या कामावर कौतुकाचा मोठा लेख छापला.

साखरेच्या कामातूनच त्याची सगळ्यात मोठी कल्पना पिकली. बाहेर थंडी असो, ऊन असो, पोट भरलेलं असो की रिकामं, शरीराच्या आतलं वातावरण, म्हणजे पेशींभोवतीचं रक्त आणि द्रव, मोठ्या कसोशीने स्थिर ठेवलं जातं. रक्तातली साखर हे त्याचं पहिलं ठसठशीत उदाहरण. निरोगी माणसाची उपाशीपोटीची साखर १०० मिलीलिटर रक्तात ७० ते १०० मिलीग्रॅमच्या आत राहते, ती याचमुळे. आज डॉक्टर यालाच होमिओस्टॅसिस म्हणतात. हा शब्द पुढे अमेरिकेत वॉल्टर कॅनन यांनी घडवला.

सम्राट तिसऱ्या नेपोलियनने त्याला १८६९ मध्ये सिनेटर केलं. त्याच सुमाराला फ्रेंच अकादमीतही तो बसला, जिथे साहित्यिकांचा मान. नाटक घेऊन आलेल्या पोराची ती इच्छा अशी वेगळ्याच वाटेने पुरी झाली.

१८७७ च्या शरद ऋतूत द्राक्षं पिकली तेव्हा तो गावी होता आणि पुन्हा साखरेच्याच मागे लागला होता. द्राक्षरसातल्या साखरेचं अल्कोहोल होतं ते जिवंत यीस्टमुळेच, असं पाश्चर सांगत. बर्नारला शंका होती. जिवंत पेशी नसली तरी रसातलं काहीतरी हे काम करू शकेल, असं त्याला वाटत होतं. प्रयोग अर्धवट टाकून तो पॅरिसला परतला, हिवाळ्यात आजारी पडला आणि १० फेब्रुवारी १८७८ रोजी वारला. सरकारने त्याची अंत्ययात्रा सरकारी इतमामाने काढली. फ्रान्समध्ये शास्त्रज्ञाला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ.

पुढे उलगडत गेलं त्यात एक चुटपूट लावणारी गोष्ट आहे. बर्नारने स्वादुपिंडावर भरपूर काम केलं होतं. चरबी पचवायला स्वादुपिंडाचा रस लागतो हे त्यानेच दाखवलं. मधुमेहावर तर आयुष्य घालवलं. पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे त्याला कधी दिसलं नाही. १८८९ मध्ये मेरिंग आणि मिंकोव्स्की यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याला मधुमेह झाला. १९२१ मध्ये कॅनडात इन्सुलिन हाती आलं. मग कळलं की कणगीत भरण्याचा हुकूम इन्सुलिन देतं आणि काढण्याचा हुकूम ग्लुकागॉन, दोन्ही स्वादुपिंडातून येतात. हुकूम देणारा सापडला तरी कणगी यकृतच राहिली. घराघरांत मधुमेहाची म्हणून मेटफॉर्मिनची जी गोळी घेतली जाते तिचं मुख्य काम यकृताने रक्तात सोडलेलं ग्लुकोज कमी करणं हेच आहे.

आणि द्राक्षरसाच्या त्या वादाचं काय झालं? बर्नारची टिपणं मित्रांना कागदपत्रांत सापडली. १८७८ च्या उन्हाळ्यात रसायनशास्त्रज्ञ बेर्थलो यांनी ती छापली. पाश्चर हादरले. ज्याच्यावर कौतुकाचा लेख लिहिला, त्याच माणसाने मरताना आपल्याविरुद्ध पुरावा गोळा करून ठेवलेला. त्यांनी आपल्या गावी द्राक्षवेलींवर काचेची घरं बांधली, घडांना यीस्ट लागू दिलं नाही, आणि ती द्राक्षं आंबत नाहीत हे दाखवून दिलं. प्रयोगाच्या बाबतीत पाश्चर जिंकले. मग १८९७ मध्ये जर्मनीत एडुआर्ड बुखनर यांनी यीस्ट चिरडून, पेशी गाळून, नुसत्या रसाने साखरेचं अल्कोहोल करून दाखवलं. जिवंत पेशीची गरज नव्हती, पण रस शेवटी यीस्टचाच होता. थोडे पाश्चर बरोबर, थोडा बर्नार. पाश्चर वारून तेव्हा दोन वर्षं झाली होती, बर्नारला जाऊन एकोणीस.